सात वर्षांनी लेक माझ्याशी भांडली

बाईंनी माझं नाव विचारलं आणि ते ह्यांनी सांगितलं. वय विचारलं, तेही ह्यांनी सांगितलं. छातीत कधीपासून भरून येतं, कुठल्या बाजूला, जेवल्यावर की उपाशीपोटी, सगळी उत्तरं ह्यांनी दिली आणि बरोबर दिली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडं दवाखान्यात असंच असतं. आजारी माणूस तपासून घेतो आणि सोबत आलेला माणूस बोलतो.

चिकलठाण्याकडं, जालना रोडवरून आत वळल्यावर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाईंची खोली होती. आपण मनाच्या इलाजाला आलोय हे मला जिना चढताना पाटी वाचून कळलं. त्याआधी एका डॉक्टरनं छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. दुसऱ्यानं पुन्हा पट्टी काढली. दोघंही म्हणाले, काही नाही. पण पोळ्या लाटताना कुणीतरी एकदम छातीवर गुडघा ठेवावा तसं व्हायचं आणि श्वास मधेच अडकायचा. त्याला काही नाही कसं म्हणायचं? मग दुसऱ्या डॉक्टरनं ह्यांच्या हातात चिठ्ठी दिली.

बाई साठीच्या होत्या. केस पांढरे, साडी सुती, मधे टेबल नाही. ह्यांचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "झोप कशी लागते?"

"झोप कमी आहे," हे म्हणाले. "डाव्या कुशीवर झोपलं की जास्त घाबरं होतं."

"कुणाला?"

"हिला."

"मग त्यांनाच सांगू द्या ना." बाई हसल्या. "तुम्ही चांगलं सांगता, पण आता जरा खाली बसा. कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो."

हे उठले आणि दारात थांबले. "ती बोलत नाही हो. लाजाळू आहे. मी नसलो तर तुमचा वेळ वाया जाईल."

"जाऊ द्या वाया," बाई म्हणाल्या.

आणि गेला वाया. पाऊण तास मी फरशीकडं बघत बसले. बाईही गप्प. मी तोंड उघडायची वाट बघत कुणी इतका वेळ समोर बसलंय, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. घरात मी गप्प बसले की दुसरं कुणीतरी बोलायचं आणि काम पुढं जायचं. इथं काम थांबलं होतं. शेवटी मला त्यांचीच कीव आली आणि मी विचारलं, "पथ्य काय पाळू?"

"कसलं पथ्य?"

"वांगं चालतं का? तेलकट?"

"वांगं खा की. आवडतं तुम्हाला?"

मी विचारात पडले. ह्यांना भरलं वांगं आवडतं म्हणून मी आठवड्यात दोनदा करते. मला आवडतं का? "माहीत नाही," मी म्हणाले. पहिल्या दिवसाचं माझं तेवढंच एक खरं वाक्य.

बजाजनगरला परत आलो तर थोरल्या जाऊबाई आमच्या पायरीवर बसलेल्याच होत्या. त्यांचं घर मागच्या गल्लीत.

"काय दिलं गं डॉक्टरनीनं?"

"काही नाही, अक्का. पुढच्या मंगळवारी बोलवलंय."

"कशाला?"

"बोलायला."

"तुला? बोलायला?" जाऊबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. "भाऊजी, त्यापेक्षा मला पाठवा. चार मंगळवारचं मी एकाच दिवशी बोलून येते. आणि हिच्या वाटचं पण."

हे हसले, मीही हसले. जाऊबाई वाईट नाहीत. तीस वर्षं माझ्या वाटचं त्याच बोलत आल्यात.

माझी खरी तकलीफ काय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला एकच लेक. सात वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती. बाहेरच्या माणसाला हे दिसलं नसतं. ती दिवाळीला यायची, पाया पडायची, भांडी घासू लागायची. बापाशी तासभर गप्पा मारायची. मी विचारलं, "काय करू जेवायला?" की म्हणायची, "काहीपण." "बरी आहेस ना?" "हं." "पोरीचा खोकला गेला का?" "गेला." रेशनच्या रांगेत मागं उभ्या असलेल्या बाईशी बोलावं तसं. चार दिवस राहून ती गेली की पाचव्या दिवशी माझी छाती भरून यायची.

तिचं लग्न ठरलं तेव्हा तिची बारावी झाली होती आणि नर्सिंगला नंबर लागला होता. तसा कागद घरी आला होता. त्याच महिन्यात सोयगावचं स्थळ आलं. स्थळ चांगलं होतं. आमच्यातलेच लोक, पण दोन पिढ्यांपासून मेंढरं सोडून शेती करणारे. मुलगा सरळ, विहिरीला पाणी. बैठक आमच्या घरी बसली. पुरुष पुढच्या खोलीत, बाया आत. आमच्याकडं सुपारी फोडायच्या आधी एक जाणता म्हातारा उठतो, आतल्या दाराशी येतो आणि विचारतो, "मुलीच्या आईची काय मर्जी?" उत्तर कुणी देत नाही. आई पदर पुढं ओढते. म्हातारा वळून सांगतो, "घरातून होकार आहे." आईनं "नाही" म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. "हो" म्हटल्याचंही ऐकलं नाही.

त्या दिवशी सकाळी लेक मला म्हणाली होती, "आई, तुला विचारतील तेव्हा एवढंच म्हण की दोन वर्षं थांबा. पुढचं मी बघते. तू एवढंच म्हण." मी मान डोलावली होती.

म्हातारा दाराशी आला. लेक गॅसपाशी उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी पदर पुढं ओढला.

एवढं बाईंना सांगायला मला पाच मंगळवार लागले. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता त्या म्हणतील, तुमच्या हातात काय होतं, तुमचा काय दोष. सगळे तेच म्हणतात. मीच पुढं होऊन म्हणाले, "नशिबात होतं तसं झालं."

"नशिबात काय काय होतं?" बाईंनी विचारलं. "एकेक सांगा."

"बाईच्या जन्माला येणं. चौथीतच शाळा सुटणं. असल्या घरात पडणं, जिथं बाया दाराआड बसतात."

"बरोबर. ते तुम्ही निवडलं नाही. आणि पदर? तोही नशिबानंच ओढला?"

मी पिशवी उचलली आणि वेळ व्हायच्या आधीच खाली आले. ह्यांना म्हटलं, बाई काही नीट नाहीत. हे म्हणाले, "मी आधीपासून तेच म्हणतोय." पुढच्या मंगळवारी मी गेले नाही.

पण त्या पंधरा दिवसांत माझी छाती एकदाही भरून आली नाही. पोळ्या लाटताना मी मनात बाईंशी भांडत होते आणि श्वास मोकळा चालत होता. हे काय ते बघावं म्हणून परत गेले.

"मागच्या वेळी आला नाहीत," बाई म्हणाल्या.

"काम होतं."

"रागावलात का?"

"नाय."

त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं आता माझ्या ओळखीचं झालं होतं.

"व्हय," मी म्हणाले. "रागावले. तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही कधी दाराआड बसल्या नाहीत."

"नाही बसले. आणखी सांगा."

मी आणखी सांगितलं. आवाज चढला. खाली चहाच्या टपरीवर हे ऐकत असतील असं वाटलं, तरी थांबले नाही. बाईंनी मला रागावू दिलं, आणि मी थांबले तेव्हाही त्या तिथंच बसलेल्या होत्या. नाराज झाल्या नव्हत्या. मी कुणावर रागवावं आणि ते माणूस समोरून उठून जाऊ नये, हे मला नवीन होतं.

त्यानंतर मी बोलायला लागले. लेकीचं कमी, इकडचं तिकडचं जास्त. एकदा वडिलांचं सांगत होते. आमची मेंढरं होती. चौथीनंतर मी कळपामागंच असायचे. वाट फुटली की वडील थांबून बघायचे. एका वाटेला चारा बरा पण पाणी लांब, दुसरीला पाणी जवळ पण शेतवाला भांडखोर. कुठली बरोबर ते गेल्याशिवाय कळायचं नाही. एकदा त्यांचं ठरेचना. ते काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मेंढरं मात्र कुणासाठी उभी राहत नाहीत. ती हरभऱ्यात शिरली आणि आम्ही ओरडेपर्यंत अर्धं वावर खाल्लं. शेतवाल्याच्या शिव्या खाऊन झाल्यावर वडील मला म्हणाले, "मी उभा राहिलो म्हणून झालं हे. दोन्हीतल्या कुठल्याही वाटेनं गेलो असतो तरी चाललं असतं."

हे सांगता सांगता मी मधेच थांबले. दाराशी मी काहीच केलं नाही, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत होते. मी केलं होतं. उभी राहिले होते, आणि तेवढ्यात लेकीचं पीक खाल्लं गेलं होतं.

कुणाला वाटेल, यानं माझ्या छातीवर आणखी ओझं आलं असेल. उलटं झालं. जे नशिबानं केलं त्याच्यापुढं मी काय करणार होते? हात जोडून बसणार. पण जे मी केलं त्याबद्दल मी लेकीशी बोलू शकत होते. घरी येताना बसमध्ये मला हे सुचलं आणि मी खिडकीच्या दांडीला घट्ट धरून बसले, कुणी हिसकावून घेईल म्हणून.

बाई म्हणाल्या, ह्या इलाजाला मोठं नाव आहे, अस्तित्व की काहीतरी. नाव मला नीट लिहिता येणार नाही. मी माझ्यापुरतं समजले ते असं. काही गोष्टी कुणालाच चुकत नाहीत. आपण मरणार आहोत. आपल्या वाटचं जगणं दुसरं कुणी जगू शकत नाही, कितीही जवळचं असलं तरी. आणि निवडल्याशिवाय सुटका नाही. आपण यांच्याकडं पाठ करून बसतो आणि त्या छातीवर येऊन बसतात. बाई तुम्हाला फक्त वळून बघायला लावतात. काय करा, ते सांगत नाहीत. मी दहा वेळा विचारलं, "मग मी काय करू?" दहाही वेळा त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही नसाल तेव्हा लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील?"

मी म्हटलं, "म्हणतील, बाई चांगली होती. कधी कुणाला उलटून बोलली नाही."

"आणि लेक?"

मला डोळ्यासमोर दिसलं. बाया तेच म्हणतायत आणि लेक तोंड फिरवून अंगणात निघून गेलीय.

त्या आठवड्यात मी ह्यांना म्हणाले, "सोयगावला जाते."

"रविवारी जाऊ. मला सुट्टी आहे."

"उद्या जाते. एकटी."

हे चहा प्यायचे थांबले. "मधे गाडी बदलावी लागली तर?"

"विचारीन."

"कुणाला?"

"जो दिसेल त्याला."

"आणि तिथं जाऊन काय बोलणार? मला सांग, मी आधी फोनवर तिच्या कानावर घालतो."

"तुम्ही घालू नका. तुम्ही घातलं की ते तुमचं होतं."

हे माझ्याकडं बघत राहिले. "हे बाईंनी शिकवलं?"

"नाय. त्या काहीच शिकवत नाहीत."

सकाळच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?" मी सोयगाव म्हणाले आणि त्याला पहिल्याच वेळी ऐकू गेलं. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरला. मी वाक्यं जुळवत होते. लेकीच्या दारात पोचेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही.

दारात तिची सासू होती. "विहीणबाई? एकट्याच? व्याही कुठं राहिले?"

"घरी आहेत."

"काही झालं का?"

"नाही. लेकीला भेटायला आले."

"ती वावरात आहे, कापूस वेचायला. थांबा, बोलावते."

"नको. मीच जाते," मी म्हणाले. सासूनं वाट दाखवली.

लेक ओटी बांधून कापूस वेचत होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "आबा कुठं? काय झालं त्यांना?"

"काही नाही झालं. ते आले नाहीत. मी एकटी आले."

तिनं माझ्या मागं, वाटेकडं बघितलं. तिला खरंच वाटेना. मी पदराची ओटी बांधली आणि तिच्या शेजारची ओळ धरली. आम्ही वेचत पुढं गेलो. मग मी बोंडाकडं बघतच म्हणाले, "बैठकीच्या दिवशी तू मला एक वाक्य बोलायला सांगितलं होतं. मी कबूल केलं आणि बोलले नाही. मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. मीच गप्प बसले."

"जाऊ दे," ती म्हणाली. "झालं ते झालं."

"झालं नाही. मी केलं."

तिचा हात थांबला.

"सात वर्षांनी सांगायलीस?"

"व्हय."

"मला वाटलं तुला आठवत पण नाही. मी वाट बघितली, आई. पहिल्या दिवाळीला बघितली. बाळंतपणाला आले तेव्हा बघितली. दीड महिना होते मी तुझ्याकडं. तू मला डिंकाचे लाडू दिले, शेक दिला, तेल लावलं. एक शब्द दिला नाहीस."

"नाही दिला."

"का नाही बोललीस तेव्हा? आबांना भ्यालीस?"

"तुझे आबा कुणाला भेववतात?"

ती हसणार होती, पण तिनं ते दाबलं. "मग?"

याचं उत्तर मी बाईंनाही दिलं नव्हतं. ते माझ्याजवळ आहे हेच मला त्या कापसात उभं राहिल्यावर कळलं.

"तुझा नर्सिंगचा कागद आला," मी म्हणाले, "तेव्हा मी तो गल्लीत सगळ्यांना दाखवला. पण आतून वाटलं, ही जाईल, शिकेल, पगार आणील, चार माणसांत बोलेल. आणि मग एक दिवस माझ्याकडं बघून विचारेल, आई, तू का गं अशीच राहिलीस? तुझंही माझ्यासारखंच झालं तर मला कुणी विचारणार नाही, असं वाटलं. थोडाच वेळ वाटलं. तेवढ्यात म्हातारा वळला होता."

"म्हणजे तू माझ्यावर जळलीस."

"व्हय."

"आई असून."

"व्हय."

मला वाटलं, आता ती ओटी सोडून घरी निघून जाईल आणि मग कधीच बोलणार नाही. गेली असती तर तो तिचा हक्क होता. मी छातीवर हात ठेवून बघितला. तिथं काही नव्हतं. नुसता श्वास चालला होता.

लेक म्हणाली, "मी इतकी वर्षं समजत होते, तू भित्री आहेस. भित्र्या माणसावर नीट रागावता पण येत नाही."

आणि मग ती रागावली. ऊन डोक्यावर येईपर्यंत रागावली. लग्नाचं तर बोललीच, पण त्याच्या आधीचंही काढलं. चौथीतल्या सहलीला पाठवलं नव्हतं ते. तिची वेणी जाऊबाईंच्या सांगण्यावरून कापली होती ते. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मी शाळेत आले आणि मागच्या मागं भिंतीला चिकटून उभी राहिले ते. काही आठवत होतं, काही आठवत नव्हतं. मी कुठंही "तसं नव्हतं गं" म्हटलं नाही. जिथं तिचं चुकत होतं तिथं एकदा म्हटलं, "हे मी केलं नाही, हे तुझ्या आजीनं केलं," तर म्हणाली, "बरं, हे सोडलं." आणि पुढचं घेतलं. रांगेतल्या बाईशी कुणी असं बोलत नाही. असं फक्त आपल्या माणसाशी बोलतात. मी ऐकत होते आणि माझ्या अंगात असा हुरूप भरला होता की कापूस ओटीत जातोय की खाली पडतोय याचंही भान नव्हतं.

"बघ, निम्मी बोंडं तशीच सोडलीस मागं," ती म्हणाली. "वेचता पण येत नाही तुला."

"मेंढरामागं वाढले मी. मला कुठून येणार?"

"मग धरायची कशाला ओळ?" असं म्हणत ती मागं गेली आणि माझी ओळ पुन्हा वेचायला लागली. पाठ माझ्याकडं ठेवूनच म्हणाली, "मी तुला माफ केलं असं समजू नको."

"नाय समजत."

"आणि रडू नको."

"रडत नाही मी."

खरंच रडत नव्हते. तिनं वळून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "चल, भाकर खाऊ. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

दुपारच्या गाडीला ती सोडायला आली. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहून बोलत होती, गाडी हलली तरी दोन वाक्यं चालत चालत बोलली. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "सुनेचा जाच दिसतो."

"लेक आहे माझी," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच झाला असावा. पुढच्या दोघांनी वळून बघितलं आणि मी मान खाली घातली नाही.

मंगळवारी बाईंना सांगितलं. त्यांनी सल्ला दिला नाही, शाबासकी दिली नाही, डोळे तेवढे पुसले. मी अजून जाते, पंधरा दिवसांतून एकदा. छाती अजूनही कधी भरून येते. आली की लाटणं खाली ठेवते आणि बघते, कुठलं बोलायचं राहिलंय. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. भरलं वांगं मला आवडत नाही, हे मी ह्यांना मागच्या महिन्यात सांगितलं. हे म्हणाले, "तीस वर्षं खाल्लंस की," आणि दिवसभर गप्प होते. आता एक दिवस वांगं, एक दिवस माझी मेथी.

सोयगावहून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी ह्यांचा फोन वाजला. हे बघून म्हणाले, "तुला मागतेय."

"काल एक राहिलं सांगायचं," लेक म्हणाली. "पुढच्या वर्षी मी पुन्हा फॉर्म भरणार आहे. चौकशी केलीय. इथं घरात मी बोलीन, तू मधे पडू नको. पण मी शिकायला गेले तर पोरीला तुझ्याकडं ठेवशील का, ते सांग. आत्ता सांग. आबांना विचारून नाही."

हे समोर उभं राहून खुणेनं विचारत होते, काय म्हणते, काय म्हणते.

"ठेवते," मी म्हणाले.

"नक्की?"

"मला पाहिजेच आहे. ठेवते."

मग ती म्हणाली, "आणि तिला डोक्यावर बसवून ठेवू नको, तुझी सवय आहे ती," आणि तिथून पुन्हा सुरू झाली. मी गॅस बंद केला, भिंतीला टेकून खाली बसले आणि ऐकत राहिले.